फोटो गोल फिरून आला पायजे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सातबारा, पीककर्जाचे कागद, उत्पन्नाचे दाखले ही गर्दी दरवर्षीचीच. त्यात भर पडते सेवानिवृत्तीच्या पीपीटींची, म्हणजे पॉवरपॉइंटवर केलेल्या स्लाइडांची. आमच्या वडिलांच्या पिढीत शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोराची जन्मतारीख ठाऊक नसायची, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. तीच पोरं पुढं स्वतः गुरुजी झाली, ग्रामसेवक झाली, तलाठी झाली. आणि महिन्याच्या १ तारखेचा जन्म असला की निवृत्ती आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, असा नियम आहे. म्हणून ३१ मे या एकाच दिवशी अर्ध्या तालुक्याचे निरोप समारंभ, आणि हल्ली प्रत्येक समारंभात प्रोजेक्टर.

राळेगाव तालुक्यात, हायवेपासून थोडं आत, आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लग्नाआधी मी एमएस-सीआयटीच्या सेंटरवर शिकवायची, म्हणून पीपीटीचं काम माझ्याकडे आणि बाकी सगळं यांच्याकडे. गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं, पेन ड्राइव्ह पुढं करतं आणि पहिलाच प्रश्न विचारतं, ‘ताई, ॲनिमेशन टाकून द्याल ना?’ मजकूर काय, फोटो किती, कार्यक्रम किती वेळाचा, हे सगळं नंतर.

यंदा एका निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचा मुलगा आला होता. त्यानं तर स्पष्टच सांगितलं, ‘फोटो साधा नका येऊ देऊ जी. गोल फिरून आला पायजे. पैशे देऊन रायलो ना.’

मला ते पटत नाही, पण समजतं. जुन्या अल्बममधले पिवळे पडलेले फोटो स्कॅन करायचे, वाकडे सरळ करायचे, ग्रुप फोटोतल्या तिसऱ्या रांगेतला चेहरा शोधून मोठा करायचा, याच्यात सगळी दुपार जाते आणि ते कुणालाच दिसत नाही. ‘बूमरँग’ नावाचा इफेक्ट दोन क्लिकांत लागतो आणि त्याला टाळ्या पडतात. दुकानदार म्हणून मला त्यात नुकसान काहीच नाही. तरी मी वाद घालते. यांचं म्हणणं, गिऱ्हाईक मागते ते दे अन् मोकळी हो.

निरोप समारंभाच्या पीपीटीत माझा आग्रह एवढाच असतो की फोटो ‘फेड’नं, सावकाश येऊ द्या आणि पुढं सरकवायचं बटण बोलणाऱ्याच्या हातात राहू द्या. लोकांना सगळं आपोआप हवं असतं. एका फोटोला पाच सेकंद, की पुढचा. पण आपल्याकडचे वक्ते पाच सेकंदांत आवरणारे आहेत का? एक जुने सहकारी माइक हातात घेतात, सरांच्या पहिल्या शाळेची गोष्ट सुरू करतात, त्या पावसाळ्यात भिंत कशी पडली आणि वर्ग मारुतीच्या देवळात कसे भरले इथपर्यंत येतात. मागं पडद्यावर तोवर नातवाचा केक कापून झालेला असतो. लोक हसतात आणि बोलणाऱ्याला वाटतं आपल्या विनोदाला हसले. मग कुणीतरी लॅपटॉपकडे धावतो, चुकीची कळ दाबतो, आणि सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून गरगरायला लागतात.

यावरचा उपाय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, फक्त कुणी तिकडं बघत नाही. ॲनिमेशन पेन उघडला की प्रत्येक इफेक्टच्या सुरुवातीचे तीन पर्याय दिसतात. ऑन क्लिक म्हणजे मी सांगेन तेव्हा. विथ प्रीव्हियस म्हणजे आधीच्याच्या सोबत. आफ्टर प्रीव्हियस म्हणजे आधीचा संपला की आपोआप. माणूस समोर उभा राहून बोलणार असेल तर पहिला पर्याय. माणूस नसेल, नुसता पडदा चालत राहणार असेल, तर तिसरा. एवढं ठरवलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. कुठला इफेक्ट निवडला, हा त्याच्या नंतरचा प्रश्न आहे.

इफेक्टचे गट चार. यादीत हिरव्या चांदणीची खूण असलेले ते आत येण्याचे, पिवळ्या चांदणीचे ते पडद्यावर असलेल्या गोष्टीकडे लक्ष वेधण्याचे, लाल चांदणीचे ते बाहेर जाण्याचे, आणि चौथे वाट आखून फिरवण्याचे. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या फायली हिरव्या चांदण्यांनी भरलेल्या असतात. सगळ्यांना यायचं असतं, जायचं कुणालाच नसतं.

पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती १९८७ साली आली, तीही मॅकिंटॉशवर आणि काळ्या-पांढऱ्यात. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. तेव्हा त्यातून काही हलवायचं नव्हतंच. ओएचपीवर, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका छापायच्या, एवढंच काम. माझे वडील शिक्षक होते. प्रशिक्षणात ओएचपी कसा वापरत ते त्यांनी सांगितलेलं मला आठवतं. साहेब पारदर्शिकेवर कोरा कागद झाकून ठेवायचे आणि एक ओळ बोलून झाली की कागद बोटभर खाली ओढायचे. पुढची ओळ दिसली की सगळ्यांच्या माना वर. पॉवरपॉइंटमधला ‘अपीअर’ हा सगळ्यात साधा इफेक्ट म्हणजे तोच कागद. ओळ येते, बस. ना उडी, ना गिरकी. माझ्या मते मजकुरासाठी याच्यापलीकडं काही लागत नाही. बाहेर जाणारे आणि वाटेनं फिरणारे इफेक्ट बऱ्याच उशिरा, २००२ च्या आवृत्तीत आले, आणि तेव्हापासून जी गिरकी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही.

आता मी जिच्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट. आमच्या भागातले एक कृषी सहायक शेतीशाळेसाठी पीपीटी घेऊन आले. विषय गुलाबी बोंडअळी. आधी कुणाकडून तरी करून घेतलेली फाइल होती. अळीचा फोटो पडद्यावर गरागरा फिरत यायचा, ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ ही अक्षरं एकेक करून वरून पडायची, आणि प्रत्येक अक्षराबरोबर टाइपरायटरचा आवाज. ते म्हणाले, ‘मॅडम, हे पाहून लोक हसतेत, अन् मी सांगतो ते ऐकत नाहीत. सगळं काढून टाका.’

सगळं काढायची मला घाई नव्हती. मी त्यांना विचारलं, शेतकऱ्याला नेमकं काय दिसत नाही? ते सांगायला लागले आणि मी ऐकत बसले. मी कापसाच्याच घरातली, तरी यातलं अर्धं मला नवीन होतं. फुलात अळी शिरली की ती पाकळ्या आतून जाळ्यानं बांधते, फूल नीट उमलत नाही, त्याला डोमकळी म्हणतात. ती ओळखून तोडून नष्ट करायची. पुढची पिढी बोंडात शिरते. शिरताना अळी इतकी बारीक असते की तिनं पाडलेलं भोक बोंड वाढताना बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, टणक. आत ती सरकी खात बसलेली. लहान असते तेव्हा पांढुरकी, गुलाबी होते ती मोठी झाल्यावर. म्हणजे शेतकऱ्याला अळी गुलाबी दिसते तोवर आतलं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

हे ऐकल्यावर कुठं काय हलवायचं ते आपोआप ठरलं. बोंडाचे दोन फोटो घेतले, एक अख्खं आणि एक उभं चिरलेलं, आणि एकाच मापाचे करून एकावर एक ठेवले. वर अख्खं. क्लिक केलं की वरचं बोंड ‘फेड’नं विरतं आणि त्याच जागी आतलं दिसतं. लाल चांदणी, एकच. अळीचं एक साधं चित्र काढून तिला पिवळ्या चांदणीचा रंग बदलणारा इफेक्ट दिला, पांढऱ्याची गुलाबी, तीन सेकंदांत. दुसरं काहीच नाही.

शेतीशाळा गावातल्या समाजमंदिरात होती. पत्र्याचं छत, दारं बंद केली तरी फटींतून उजेड, पडद्याऐवजी पांढरी चादर. लॅपटॉप माझाच नेलेला, म्हणून मीही मागं बसून होते. बोंड आलं, ते विरलं, आत अळी. पुढं बसलेले एक म्हातारे बाबाजी म्हणाले, ‘बोंड त चांगलं होतं ना गा. भोक कोठी हाय?’ सहायक भाऊंनी मागची कळ दाबून बोंड पुन्हा झाकलं. ‘शोधा बाबाजी.’ बाबाजी उठून चादरीजवळ गेले, डोळे बारीक करून पाहिलं. ‘नाही दिसत.’ ‘बुजून गेलं.’ ‘मंग आमाले कसं समजन?’

याच प्रश्नासाठी पुढची स्लाइड होती. कामगंध सापळा. मादीच्या वासाची गोळी लावलेली असते, नर पतंग तिच्यावर येतात आणि अडकतात. हेक्टरी ५ सापळे लावायचे आणि रोज सकाळी मोजायचे. आधीच्या फाइलीत हे सहा ओळींत लिहिलेलं होतं. आम्ही सापळ्याचं चित्र ठेवलं आणि एका क्लिकला एक पतंग आत येईल असं केलं. ‘अपीअर’, दुसरं काही नाही. लोक मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. आठवा पतंग आला आणि क्लिक थांबलं. एक तरुण लगेच म्हणाला, ‘आठ झाले, आता फवारा लागते.’ सहायक भाऊ म्हणाले, ‘एका रातीचे आठ नाही. लागोपाठ तीन राती आठ-आठ भेटले, त मंग.’ पुढच्या दोन क्लिकांत आणखी दोन सापळे आले, आठ-आठ पतंग घेऊन, प्रत्येकाच्या खाली रात्रीचा आकडा.

२०१७ चा हंगाम आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. बोंडअळी आणि फवारणीतून झालेली विषबाधा, दोन्ही एकाच वर्षी. आठ पतंग, तीन रात्री, हा आकडा त्यामुळेच डोक्यात राहायला हवा. पतंग वळणं घेत, उडत आत आले असते तर लोकांनी उडणं पाहिलं असतं. मोजलं नसतं.

शेवटची स्लाइड फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या कापसाची. जून ते मे अशी महिन्यांची पट्टी, तिच्यावर पिकाची हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे ‘वाइप’नं वाढत जाते आणि डिसेंबरअखेर थांबते. पुढच्या क्लिकला फरदडीचा लाल तुकडा जोडला जातो आणि तो वाढत वाढत मार्च-एप्रिलपर्यंत जातो. त्याच्या खाली बांधावरच्या पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगाची पट्टी, तीही पुढच्या जूनला जाऊन टेकते. अळीला वर्षभर कुठंच खंड पडत नाही, हे त्या पट्ट्यांनीच सांगितलं. वेळ दाखवायची असेल तर डावीकडून येणारा ‘वाइप’ उपयोगाचा. पण लोक तो शीर्षकाला लावतात. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

डायटच्या (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेच्या) एका मॅडमनी झेरॉक्सला दिलेल्या टिपणात एका संशोधनाचा उल्लेख होता. (झेरॉक्सवाल्यांना वाचायला पुष्कळ मिळतं.) बार्बरा ट्वेर्स्की, जूली मॉरिसन आणि मिरेय बेट्रांकूर या तिघींनी २००२ साली तोवरच्या बऱ्याच प्रयोगांचा धांडोळा घेतला. स्थिर चित्रापेक्षा हलणारं चित्र सरस ठरलं असं जिथं वाटत होतं, तिथं पुष्कळदा हलणाऱ्या चित्रात मुळात माहितीच जास्त होती. शिवाय हलणारी चित्रं अनेकदा इतकी गुंतागुंतीची किंवा वेगवान असतात की डोळ्याला ती नीट पकडताच येत नाहीत. वाचताना मला टाइपरायटरच्या आवाजासकट पडणारं ते एकात्मिक कीड व्यवस्थापन आठवलं.

वेग मात्र मुद्दाम वापरता येतो. विज्ञान प्रदर्शनीसाठी सातवीतली एक मुलगी सूर्यमाला घेऊन आली. शाळेतल्या दादानं प्रत्येक ग्रहाला गोल वाट आखून दिली होती आणि सगळे ग्रह एकाच वेगानं फिरत होते. पोरगी हुशार. तिनंच विचारलं, ‘मॅडम, बुध त लवकर फिरते ना?’ मग आम्ही कॅल्क्युलेटर घेतला. पृथ्वीची फेरी चार सेकंदांची धरली. बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं, म्हणून त्याला एक सेकंदाला थोडं कमी. शुक्राचं २२५ दिवसांचं, अडीच सेकंद. मंगळाचं ६८७ दिवसांचं, साडेसात. गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षं लागतात, तो आला ४७ सेकंदांवर. शनीचं गणित दोन मिनिटांच्या घरात गेल्यावर तिनं त्याला जागेवर उभं केलं आणि खाली लिहिलं, ‘शनी फिरतो आहे, पण तुम्हाला थांबायला वेळ नाही.’ ही ओळ तिची, माझी नाही.

त्यात एक खोच आहे, ती कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. वाटेनं फिरणाऱ्या इफेक्टला सुरुवातीला आणि शेवटी हळू होण्याची सवय मुळातच लावलेली असते. इफेक्ट ऑप्शन्समध्ये ‘स्मूथ स्टार्ट’ आणि ‘स्मूथ एंड’ दोन्ही शून्यावर आणायचे. नाही तर पृथ्वी दर फेरीला एकाच जागी अडखळते. रिपीटमध्ये ‘अनटिल एंड ऑफ स्लाइड’ निवडायचं, म्हणजे ग्रह थांबत नाहीत.

गावाकडच्या कार्यक्रमात इफेक्टपेक्षा मोठी भानगड असते ती मशीनची. दुकानात नव्या आवृत्तीत केलेली फाइल शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर उघडते तेव्हा ‘मॉर्फ’चं, म्हणजे एका स्लाइडवरची वस्तू सरकत-बदलत पुढच्या स्लाइडवर नेणाऱ्या इफेक्टचं, नुसतं ‘फेड’ होतं. कुणी फाइलची पीडीएफ करून ग्रुपवर टाकतं आणि मग एकावर एक ठेवलेली चित्रं सगळी एकदम दिसतात. बोंड, चिरलेलं बोंड आणि अळी, तिघांचा चिखल. म्हणून फाइल पुढं वाटली जाणार असेल तर मी ॲनिमेशन लावतच नाही. स्लाइड निवडून कंट्रोल-डी दाबते, तिचीच दुसरी प्रत होते, त्यात एक गोष्ट वाढवते. पुन्हा प्रत, पुन्हा एक गोष्ट. दाखवताना ओळी एकेक करून आल्यासारख्याच दिसतात, आणि ते कुठल्याही लॅपटॉपवर, फोनवर, पीडीएफमध्ये तसंच्या तसं चालतं. स्लाइडचा आकडा फुगतो एवढंच. स्लाइडमागे पैसे घेणाऱ्या दुकानदारावर यात संशय घेतला जातो, तेव्हा मी प्रतीचे पैसे लावत नाही.

वक्त्यांना दोन कळा कागदावर लिहून देते. बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. चर्चा रंगली की हे करावं, लोक मग माणसाकडे बघतात. आणि कुणी ‘ते मघाचं दाखवा’ म्हटलं तर मागची कळ दाबत सगळे इफेक्ट उलटे बघत बसायचं नाही, स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर मारायचं.

बाकी भांडण सुरूच आहे. गेल्या महिन्यात एका प्रशिक्षणाची फाइल आली, एकेका स्लाइडवर पंचवीस-तीस चांदण्या, आणि कार्यक्रम तासाभरात सुरू होणार. सर घामाघूम. म्हणाले, ‘ताई, हे सगळं काढायला किती घ्याल?’ मी स्लाइड शो टॅबमध्ये गेले, ‘सेट अप स्लाइड शो’ उघडलं, आणि ‘शो विदाउट ॲनिमेशन’ या चौकोनात खूण केली. सगळी फाइल जागच्या जागी थंड. इफेक्ट पुसले जात नाहीत, खूण काढली की परत येतात. सर बघतच राहिले. यांनी काउंटरमागून मला डोळ्यांनी खुणावलं, की एवढ्या लवकर कशाला करून दाखवलंस. वीस रुपये घेतले.